काचेच्या स्टुडिओतील ऊर्जा नेमकी जाते कुठे आणि ती कशी वाचवावी

काचकलेच्या स्टुडिओत ऊर्जा वाचवण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा सौर पॅनेल आणि नवीन भट्टी यांपाशी जाऊन थांबते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सर्वसाधारण सोडा-लाइम काच (खिडक्या-बाटल्यांना वापरतात त्या जातीची) कच्च्या मिश्रणापासून वितळवण्यासाठी सिद्धांततः किलोमागे साधारण पाऊण युनिट, म्हणजे ०.७५ किलोवॅट-तास एवढी उष्णता पुरते. म्हणजे वीस किलो काचेसाठी पंधरा युनिट झाली. याउलट, नुसती गरम राहण्यासाठी सतत पाच किलोवॅट खाणारी भट्टी धरली, तर ती एका दिवसात १२० युनिट संपवते, मग त्या दिवशी कोणी काच फुंकायची नळी हातात घेतली असो वा नसो. या हिशेबात प्रत्यक्ष काचेच्या वाट्याला एकूण ऊर्जेचा जेमतेम नववा भाग येतो आणि बाकीची ऊर्जा भिंती, दारे व धुराडे यांतून निघून जाते. काच वितळवणे महाग नसून भट्टी गरम ठेवणे महाग आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढची प्रत्येक पायरी कोणत्या क्रमाने घ्यायची हे आपोआप ठरते.

याला आकाराचेही कारण आहे. १९६२ साली अमेरिकेतील टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारात कलावंत हार्वी लिटलटन आणि काचसंशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी घेतलेल्या कार्यशाळांनी छोटी भट्टी कलावंताच्या हाती आणून दिली आणि काच कारखान्याबाहेर पडली. परंतु भट्टी जितकी लहान, तितके तिच्यातील प्रत्येक किलो काचेमागे भिंतीचे क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे कारखान्यातील अवाढव्य भट्टीला जी कार्यक्षमता सहज साधते, ती स्टुडिओला शिस्तीने मिळवावी लागते.

पहिली पायरी: आधी मोजावे

कोणताही खर्च करण्यापूर्वी किमान महिनाभर मीटरच्या नोंदी ठेवाव्यात. महिन्याचे एकूण बिल यासाठी निरुपयोगी असते, कारण त्यात भट्टी, ॲनीलर (तयार वस्तू सावकाश निववण्याची पेटी), पंखे आणि दिवे सगळे एकत्र मिसळलेले असतात. भट्टी, ग्लोरी होल (काम चालू असताना वस्तू पुन्हा तापवण्याची उघड्या तोंडाची भट्टी), ॲनीलर आणि किल्न (थंड काच आत मांडून तापवण्याची भट्टी) यांना शक्य असल्यास स्वतंत्र सबमीटर बसवावेत. ते शक्य नसेल तर एका वेळी एकच उपकरण चालू ठेवून ठरावीक तासांच्या सुरुवातीचे व शेवटचे आकडे टिपावेत.

नोंदी तीन प्रकारच्या दिवसांसाठी वेगवेगळ्या हव्यात: काच वितळवण्याची रात्र, प्रत्यक्ष कामाचा दिवस आणि भट्टी नुसती गरम असलेला रिकामा दिवस. या तिन्हींपैकी रिकाम्या दिवसाचा आकडा सर्वांत बोलका असतो. तो कामाच्या दिवसाच्या आकड्याच्या जवळपास आला, तर स्टुडिओची समस्या कामाच्या पद्धतीत नसून भट्टीच्या बांधणीत आणि वेळापत्रकात आहे असे समजावे. सोबत त्या काळात वापरलेली काच आणि त्यातून तयार झालेल्या चांगल्या, तडा न गेलेल्या वस्तूंचे वजनही लिहावे. फुटलेल्या वस्तूवर खर्च झालेली ऊर्जा पूर्णपणे वाया गेलेली असते, म्हणून खरा हिशेब चांगल्या वस्तूच्या प्रत्येक किलोमागे किती युनिट लागली असाच मांडला पाहिजे.

दुसरी पायरी: तापमान खरे आहे का ते तपासावे

भट्टीच्या कंट्रोलरवर दिसणारा आकडा थर्मोकपल, म्हणजे भट्टीत बसवलेला तापमान मोजणारा संवेदक, सांगतो तितकाच विश्वासार्ह असतो. के-प्रकारचा थर्मोकपल ॲनीलर व किल्नसाठी उत्तम आहे, परंतु हजार अंशांच्या वर महिनोन्महिने राहिला की तो हळूहळू खोटे बोलू लागतो आणि बहुतेकदा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. मग कंट्रोलर भट्टीला गरजेपेक्षा अधिक तापवत राहतो, मुशीची (काच वितळवण्याच्या भांड्याची) झीज वाढते आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. वितळवण्याच्या भट्टीत प्लॅटिनम-ऱ्होडियमचा एस किंवा आर प्रकारचा थर्मोकपल सिरॅमिक नळीत घालून वापरावा. तो महाग असतो, पण दीर्घकाळ स्थिर राहतो. के-प्रकारच वापरायचा असेल तर तो ठरावीक मुदतीने बदलावा आणि बदलताना जुन्या-नव्याच्या आकड्यांतील फरक नोंदवावा.

तिसरी पायरी: उघड्या तोंडांची गळती

या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे, कारण सर्वांत कमी पैशांत सर्वांत मोठी बचत येथेच होते. तापलेल्या पोकळीच्या उघड्या तोंडातून होणारे उष्णतेचे प्रारण निरपेक्ष (केल्विनमधील) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ग्लोरी होल ११५० अंश सेल्सियसवर असेल, तर त्याच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे २३० किलोवॅट उष्णता बाहेर पडते. तीस सेंटिमीटर व्यासाचे तोंड पूर्ण उघडे असले की सुमारे सोळा किलोवॅट सतत खोलीत येत राहतात. पंधरा सेंटिमीटर व्यासाला हीच गळती चार किलोवॅटवर येते. व्यास निम्मा केला की गळती एक चतुर्थांश होते, हे सूत्र प्रत्येक सहायकाला तोंडपाठ असावे.

यातून निघणारे उपाय साधे आहेत. ग्लोरी होलला एकात एक बसणारी, दोन-तीन मापांची दारे असावीत आणि हातातील वस्तू आत जाईल एवढेच तोंड उघडावे. लहान वस्तूंचे काम असलेल्या दिवशी मोठा ग्लोरी होल पेटवूच नये, मग तो कितीही सोयीचा वाटो. कामाच्या दोन टप्प्यांमध्ये, निदान वीस मिनिटांपेक्षा मोठ्या विश्रांतीत, दारे पूर्ण मिटून बर्नरची आच कमी करावी. कामाला आवश्यक तेवढेच तापमान ठेवावे. ११५० ऐवजी ११०० अंशांवर काम निभत असेल, तर केवळ प्रारणाची गळती सुमारे तेरा टक्क्यांनी घटते.

वितळवण्याच्या भट्टीच्या दाराचेही असेच आहे. वीस सेंटिमीटर चौरस दार ११२० अंशांवर उघडे राहिले तर सुमारे साडेआठ किलोवॅट बाहेर जातात. काच उचलायला काही सेकंद लागतात, परंतु दार उघडून नळी शोधणे, बोलत उभे राहणे, दार अर्धवट लोटणे यांत दिवसभरात एक तास सहज जातो आणि तेवढ्यात साडेआठ युनिट जातात. पायाने चालवायचे दार किंवा प्रतिभार लावलेले सरकते दार बसवले की नळी हातात असतानाही ते लगेच मिटता येते.

दाराभोवतीची फट दिसायला क्षुल्लक असते. याच दाराच्या चारही बाजूंना पाच मिलिमीटरची फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ चाळीस चौरस सेंटिमीटर भरते. खोल फटीच्या भिंती बरेच प्रारण अडवतात म्हणून गळती निम्मी धरली, तरी दिवसाला दहा युनिट जातात, आणि ही गळती रात्रंदिवस चालू असते. अंधारात भट्टीकडे पाहिले की अशा फटी नारिंगी रेषांसारख्या स्पष्ट दिसतात. दिवे घालवून महिन्यातून एकदा हे निरीक्षण करावे, खडूने खुणा कराव्यात आणि भट्टी थंड असताना त्या जागा दुरुस्त कराव्यात. निरीक्षणाच्या छिद्रांनाही सिरॅमिकचे बूच असावे.

चौथी पायरी: भिंती आणि उष्णतारोधन

भट्टीच्या बाहेरील पृष्ठभागाचे तापमान मोजावे. खोलीचे तापमान ३० अंश आणि भिंत १०० अंश असेल, तर प्रत्येक चौरस मीटरमधून साधारण ०.९ किलोवॅट जातात. तीच भिंत ७० अंशांवर आणली की गळती जवळपास निम्मी होते. घट्ट अग्निविटांपेक्षा हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहून नेतात आणि त्यांच्यात साठून राहणारी उष्णताही कमी असते. त्यांच्या बाहेर सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट व कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड अशा थरांची रचना प्रचलित आहे.

मात्र जुन्या भट्टीला सरसकट बाहेरून ब्लँकेट गुंडाळू नये. बाहेरचा थर वाढवला की आतील प्रत्येक थराचे तापमान वाढते. एखादी वीट १२६० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असेल आणि ती आता त्या मर्यादेजवळ पोहोचली, तर ती आकसते किंवा भुगा होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुशीला किंवा टाकीला तडा गेल्यास झिरपणारी काच विटांच्या सांध्यात थंड होऊन गोठते आणि तेथेच थांबते. तळाशी अतिरिक्त उष्णतारोधन केले तर ही गोठण्याची रेषा बाहेर सरकते आणि काच पोलादी कवचापर्यंत येऊ शकते. म्हणून छत आणि वरच्या भिंतींवर आधी काम करावे आणि तळाला हात लावण्यापूर्वी भट्टी बांधणाऱ्याशी थरांच्या तापमानांचा हिशेब तपासून घ्यावा.

सिरॅमिक फायबर हाताळताना निष्काळजीपणा मुळीच नको. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि दीर्घकाळ तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होतो, जो कर्करोगकारक मानला जातो. जुने अस्तर काढताना ते ओलसर करावे, योग्य दर्जाचा श्वसनमुखवटा घालावा, झाडू वापरू नये आणि कचरा बंद पिशव्यांत भरावा. शरीरात लवकर विरघळणाऱ्या क्षारमृद सिलिकेट तंतूंचे ब्लँकेट जेथे तापमान परवानगी देते तेथे वापरावे.

पाचवी पायरी: गॅसची भट्टी असेल तर धुराड्याकडे पाहावे

१२०० अंशांच्या आसपास चालणाऱ्या गॅसच्या भट्टीत, उष्णता परत मिळवण्याची सोय नसेल तर इंधनाच्या निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून जाते. हवा गरजेपेक्षा जास्त असेल तर ती फुकट तापवून बाहेर सोडली जाते, आणि कमी असेल तर इंधन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. नैसर्गिक वायूच्या एका घनफळाला सुमारे साडेनऊ ते दहा आणि प्रोपेनला सुमारे चोवीस घनफळे हवा लागते. इंधन बदलताना बर्नरचे समायोजन नव्याने करणे म्हणूनच अपरिहार्य असते. ज्योत डोळ्यांनी पाहून अंदाज बांधण्यापेक्षा वर्षातून निदान दोनदा धुरातील ऑक्सिजन मापकाने तपासून घ्यावा.

त्यानंतर रिक्युपरेटरचा विचार करावा. धुराड्यातून जाणाऱ्या वायूंच्या उष्णतेने ज्वलनाची हवा आधीच पाचशे अंशांपर्यंत तापवली, तर इंधनाची बचत पाव ते एक तृतीयांश या दरम्यान जाते. तापलेली हवा सहन करतील असेच बर्नर आणि व्हॉल्व्ह त्यासोबत घ्यावे लागतात. ग्लोरी होलसाठी अनेक बारीक छिद्रांचा रिबन बर्नर घेतला, तर ज्योत बर्नरमध्ये मागे न फिरता त्याची आच खूप कमी करता येते. नळ्या तापवणे, रंगीत काचेच्या कांड्या आधी गरम करणे किंवा साचे वाळवणे ही कामे वाया जाणाऱ्या उष्णतेवर आरामात होतात.

सहावी पायरी: वेळापत्रक

रात्री भट्टीचे तापमान ११२० वरून १०२० अंशांवर आणले, तर भिंतींतून होणारी गळती सुमारे एक दशांशाने आणि फटींतून होणारे प्रारण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. याहून खाली जाताना सावध राहावे. सोडा-लाइम काच साधारण ७५० ते ९५० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिली की तिच्यात पांढरट स्फटिक धरू लागतात आणि मग ती पुन्हा स्वच्छ करण्यासाठी लागणारी ऊर्जा बचत खाऊन टाकते.

सुट्टीत भट्टी बंद करावी की गरम ठेवावी, याचे उत्तर नोंदींतूनच मिळते. समजा रिकाम्या दिवसाला १२० युनिट लागतात आणि थंड भट्टी सावकाश तापवून कामावर आणायला ४०० युनिट लागतात. केवळ ऊर्जेच्या हिशेबाने चौथ्या दिवसापासून बंद करणे फायद्याचे ठरते. पण प्रत्येक थंड-गरम चक्रात मुशीला तडा जाण्याचा धोका असतो, विशेषतः सिलिकेच्या रूपांतराच्या २०० ते ३०० आणि ५७३ अंशांच्या टप्प्यांवर, आणि नवी मूस तयार होण्यातही ऊर्जा गेलेलीच असते. त्यामुळे दोन आठवड्यांपर्यंतच्या खंडात तापमान उतरवून ठेवावे आणि त्याहून मोठ्या खंडात भट्टी बंद करावी, असे मी सुचवेन. काम वर्षभर तुरळक ठेवण्यापेक्षा काही महिने सलग भरगच्च काम आणि उरलेले महिने थंड काम (घासणे, कापणे, चकाकी देणे), मांडणी व प्रदर्शने अशी वर्षाची विभागणी सर्वांत जास्त ऊर्जा वाचवते. एकाच भट्टीवर दोन-तीन कलावंतांनी पाळ्या लावून काम करणे हाही तितकाच परिणामकारक मार्ग आहे.

सातवी पायरी: ॲनीलर आणि किल्न

काच निववण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तो वस्तूंच्या संख्येवर अवलंबून नसतो. म्हणून एकसारख्या जाडीच्या वस्तू एकत्र लावाव्यात. एका जाड पेपरवेटसाठी वीस पातळ पेले रात्रभर रोखून धरणे म्हणजे वेळ आणि वीज दोन्हींचा अपव्यय होय. स्टुडिओतील सोडा-लाइम काचेसाठी रोखण्याचे (ॲनीलरमध्ये स्थिर धरून ठेवण्याचे) तापमान बहुधा ४८० ते ५१५ अंशांच्या दरम्यान आणि अधिक उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेसाठी ५६५ च्या आसपास असते. उत्पादकाने दिलेलाच आकडा वापरावा.

ॲनीलर चांगला उष्णतारोधित असेल, तर बंद केल्यावर तो स्वतःच कार्यक्रमात लिहिलेल्या वेगापेक्षा सावकाश थंड होतो आणि उतरत्या टप्प्यात वीज लागतच नाही. तसे होते की नाही हे एकदा रिकामा ॲनीलर बंद करून, दर अर्ध्या तासाने तापमान टिपून पाहावे. निववण्याचा वेळ कमी करण्याचा मोह झाल्यास दोन ध्रुवीकरण पट्ट्या एकमेकींना आडव्या धरून मध्ये वस्तू ठेवावी. ताण उरला असेल तेथे उजळ पट्टे दिसतात. ते दिसले तर वेळ कमी करू नये.

किल्नमध्ये पूर्ण फ्यूजिंगला (काचेचे तुकडे तापवून एकजीव करायला) ८०० अंशांच्या आसपास, तर साच्यावर काच वाकवायला ६२० ते ६८० अंश पुरतात. दोन्ही कामे एकाच भारणीत बसवण्याचा अट्टहास न धरता, प्रत्येक प्रकारच्या वस्तू जमेपर्यंत थांबून किल्न पूर्ण भरावी.

आठवी पायरी: टॉर्चवरचे काम

टेबलावरच्या टॉर्चच्या, म्हणजे गॅस-ऑक्सिजनच्या ज्योतीवर काच घडवताना बचत सोपी आहे. टॉर्च ठेवल्याबरोबर गॅस तोडणारा हूक व्हॉल्व्ह किंवा पायाचे पेडल बसवावे. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून वापर नसतानाही वायू उडून जातो, त्यामुळे लहान टॉर्चसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) अधिक योग्य ठरतो. तो साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतो आणि वाहतुकीची गरजच उरत नाही.

नववी पायरी: काचेचा पुनर्वापर

कच्च्या मिश्रणातील चुनखडी तापली की तिच्या वजनाच्या ४४ टक्के आणि सोडा ॲशच्या सुमारे ४१ टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टी कोणत्याही इंधनावर चालत असली तरी. काचचुरा, म्हणजे फुटक्या काचेचे तुकडे, वापरला की हे उत्सर्जन टळते. मिश्रणात दर दहा टक्के काचचुऱ्यामागे वितळवण्याची ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी कमी होते. स्टुडिओत भट्टी गरम ठेवतानाची गळतीच मोठी असल्याने एकूण बिलात हा फरक लहान दिसतो, परंतु वितळणे कमी तापमानाला व लवकर उरकते आणि वाळूची धूळही हवेत उडत नाही.

अट एकच: काच ओळखीची हवी. स्टुडिओतील तुकडे रंग आणि प्रसरण गुणांक (तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचे माप) यांनुसार वेगळ्या, झाकण असलेल्या डब्यांत लगेच टाकावेत. संध्याकाळी निवडू असे म्हटले की सगळे मिसळते. अनोळखी काच आल्यास धाग्याची चाचणी करावी. दोन्ही काचांचे छोटे तुकडे शेजारी-शेजारी चिकटवून तापवावेत आणि लांब धागा ओढावा. थंड झाल्यावर धागा सरळ राहिला तर प्रसरण जुळते. वाकला तर वाकाच्या आतील बाजूची काच जास्त आकुंचन पावते आहे, आणि ती जोडी एका वस्तूत वापरू नये. बाटल्यांची काच वापरायची असेल तर एक वस्तू एकाच बाटलीपासून करणे सर्वांत सुरक्षित.

दहावी पायरी: हवा आणि पाणी

पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. वेग वीस टक्क्यांनी घटवला की वीज जवळपास निम्मी लागते, म्हणून भट्टीवरील धूर व उष्ण हवा ओढणाऱ्या हुडच्या पंख्याला वेग नियंत्रक लावावा. परंतु कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवल्याशिवाय आणि आत येणाऱ्या ताज्या हवेची वाट मोकळी असल्याची खात्री केल्याशिवाय हा बदल करू नये.

घासकामाचे पाणी दोन-तीन टाक्यांतून निवळून पुन्हा वापरावे. तळाचा गाळ नाल्यात सोडू नये. शिसे किंवा कॅडमियम असलेल्या काचेचा गाळ वेगळा साठवून धोकादायक कचऱ्यातच द्यावा.

अकरावी पायरी: इंधनाची निवड

येथवरच्या पायऱ्या झाल्यानंतरच गॅस की वीज हा प्रश्न घ्यावा. नैसर्गिक वायू जाळला की प्रत्येक किलोवॅट-तासामागे सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. धुराड्यातील तोटा वजा जाता चाळीस टक्केच उष्णता भट्टीत राहत असेल, तर उपयोगी उष्णतेच्या एककामागे हा आकडा अर्ध्या किलोवर जातो. स्थानिक विजेचे उत्सर्जन त्याहून कमी असेल तर विजेची भट्टी स्वच्छ ठरते. मुख्यतः कोळशावरच्या विजेत ते एक किलोच्या आसपास असू शकते, आणि तेथे रिक्युपरेटर लावलेली गॅसची भट्टी सरस ठरते.

सौर पॅनेल बसवल्यास किल्न आणि ॲनीलर तापवण्याचे काम दुपारच्या तासांत आणावे, कारण वितळवण्याची भट्टी रात्रीही चालते आणि तिला पॅनेल एकटे पुरत नाहीत. विजेच्या भट्टीकडे वळताना मंजूर भार, तिन्ही फेजमधील समतोल आणि तारांची जाडी आधी तपासून घ्यावी. वीज गेल्यावर कोणी काय करायचे, हेही भट्टीशेजारी लिहून लावावे: दार आणि छिद्रे लगेच बुजवावीत, पुन्हा वीज येईपर्यंत उघडू नयेत, आणि कंट्रोलर परत चालू झाल्यावर त्याने भट्टी एकदम पूर्ण शक्तीने न तापवता ठरलेल्या वेगानेच वर न्यावी, अशी सूचना त्यात आधीच भरून ठेवावी.